फुकटचं वायफाय आणि करिष्माची वायर

इंटरनेटला पैसे मोजणारा माणूस आणि खाडीचं पाणी विकत घेणारा माणूस, दोघेही सारखेच! हे वाक्य माझं. काल्हेरच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी ते उभं राहून ठोकलं आणि टाळ्या घेतल्या.

कारणही तसंच होतं. समोरच्या नव्या टॉवरच्या बिल्डरने गिऱ्हाइकं खेचायला मोठ्ठा बोर्ड लावला होता : 'परिसरातील सर्वांना वायफाय मोफत!' मी मिलिंद, गोदामात सुपरवायझर. समोर आलेला माल सोडायचा नाही, ही आमची शिकवण. माझं ऐकून अख्ख्या बिल्डिंगने करिष्माचं कनेक्शन बंद केलं. आमच्या घरी तर मोबाईलचे नेटपॅकही मी बंद केले.

करिष्मा म्हणजे आमची नेटवाली. गावची जमीन गोदामांना गेली तेव्हा आलेल्या पैशात भावांनी गाड्या घेतल्या, हिने वायरी घेतल्या! स्कूटरवरून येणार, खांद्यावर वायरीचं वेटोळं, आवाज असा की शेजारचे यंत्रमाग बंद पडावेत.

"मिलिंददादा, पक्कं ना? काढू?"

"काढ! फुकटच्या जमान्यात तुझा धंदा काय टिकणार? वेळेत दुसरं काहीतरी बघ."

"बरं हाय," ती म्हणाली आणि वायर गुंडाळून गेली. चिडली नाही. मला वाटलं, बिचारीला धक्का बसला!

फुकटचं वायफाय झकास होतं. फक्त ते घरात येत नव्हतं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ मात्र धो धो! आणि थोड्या थोड्या वेळाने बिल्डरची जाहिरात बघावी लागे. त्यात एक बाई किंचाळायची, "काय मग, घर बघायला कधी येताय?" एवढंच.

आणि नेमका माधवीचा इंटरव्ह्यू आला. माधवी माझी बायको. मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच तिने नोकरीला अर्ज केला होता. माल अडकला म्हणून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांना फोनवर शांत करायचं काम, तेही घरी बसून. रोज कुकरला चिडलेलं गिऱ्हाईक समजून ती सराव करत होती. इंटरव्ह्यू लॅपटॉपवरून होता.

"अहो, नेट नीट चालेल ना?"

"मी आहे ना!" मी म्हणालो. (हे वाक्य नवऱ्यांनी जपून वापरावं.)

आम्ही गच्चीवर टेबल-खुर्ची मांडली. पण तिथे आधीच जत्रा! सगळ्यांनी माझंच ऐकलेलं ना! लडकूकाका मॅच बघत होते. धोंडूबाईंनी बोंबील वाळत घातले होते आणि अकलोलीला दिलेल्या लेकीला व्हिडिओवर त्यातला एकेक दाखवत होत्या. बोंबलांवर कावळे, कावळ्यांवर मी काठी घेऊन.

इंटरव्ह्यू सुरू झाला. पलीकडे टाय घातलेले साहेब.

"माधवी मॅडम, तुमच्याबद्दल सांगा."

माधवीने तोंड उघडलं आणि लॅपटॉप किंचाळला, "काय मग, घर बघायला कधी येताय?"

साहेब दचकले. "मॅडम, तुम्ही फ्लॅट विकता का?"

"नाही सर! ती जाहि…"

बस्स! चित्र थिजलं. माधवी तोंड उघडं ठेवून, मागे मी काठी उगारून! पलीकडून तो घरगुती हिंसाचारच दिसत असणार! माधवीच्या मोबाईलवर एसएमएस आला : 'थोड्या वेळात पुन्हा जोडा. नाही जमलं तर पुढच्या उमेदवाराला घेतो.'

माधवीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने बोंबील आणखी लवकर वाळले असते!

मी कठड्यावरून खाली बघितलं, तर बिल्डरच्या ऑफिससमोर शिडीवर कोण? करिष्मा!

"करिष्माताई!" मी ओरडलो. संकटात माणसाला नाती आठवतात. "तू तिथे काय करतेस?"

"फुकटच्या वायफायला लोड झालाय! बिल्डरने लाईन माझ्याकडूनच घेतलीय ना!"

मी कठडा घट्ट धरला. म्हणजे आम्ही अख्ख्या बिल्डिंगने हिला सोडलं आणि पुन्हा हिचंच नेट वापरत होतो, कावळे हाकत!

माधवीचा इंटरव्ह्यू अडकलाय म्हणताच ती धावतच वर आली. आम्ही लॅपटॉप उचलून घरात पळालो. आमची वायर तिने कापलेलीच नव्हती, गुंडाळून डक्टमध्ये ठेवली होती. "फुकटाला कंटाळून माणूस माघारी येतो, दादा. वायर कशाला वाया घालवू?" पिशवीतून राउटर काढला, खटाखट जोडला. "वहिनी, बसा तुम्ही! दादा, काठी ठेवा!"

साहेब पुन्हा दिसले. म्हणाले, "समजा, मी चिडलेलं गिऱ्हाईक आहे. तुमची सर्व्हिस भिकार आहे! माझा माल कुठाय?"

माधवी शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचं रागावणं बरोबर आहे. माल मी शोधतेच. पण त्याच्यावाचून आज तुमचं काय अडलंय, ते आधी सांगा. तेवढी सोय करू."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. हे एवढं हिने कधी शिकून घेतलं?

"कळवतो," म्हणून साहेब गेले. माधवीचा चेहरा पडला. दाराआडून करिष्मा पुढे आली.

"वहिनी, ते कळवतील तवा कळवतील. माझ्याकडं येता? तक्रारी घ्यायला माणूस पाहिजे. अहो, फुकटवाल्याला कुणी शिवी देऊ शकत न्हाय. माझ्याकडं लोक पैसे देतात ते नेटचे कमी, शिव्या ऐकून घ्यायचे जास्त!"

आयुष्यात एवढी साधी, पक्की धंद्याची गोष्ट मी ऐकली नव्हती. माधवीने मात्र लगेच हो म्हटलं नाही. पगार वाढवून घेतला, मगच!

बघता बघता बिल्डिंग करिष्माकडे परतली. आणि परवा आमचंच नेट गेलं. मी ऐटीत तक्रारीचा नंबर फिरवला. पलीकडून असा गोड आवाज आला, जो लग्नानंतर मी ऐकलेला नाही.

"नमस्कार साहेब, काय मदत करू?"

"अगं, मी बोलतोय! नेट बंद आहे. माणूस पाठव लवकर!"

आवाज झर्रकन बदलला. "थांबावं लागेल. आधी पैसे भरणारी गिऱ्हाइकं."

"मग आपण कोण?"

"आपल्याला स्टाफ म्हणून नेट फुकट आहे," माधवी म्हणाली, "आणि फुकट्यांचा नंबर शेवटी!"