सामानाच्या खोलीतलं नेतृत्व

विज्ञानाच्या बाई स्वतःच्याच वर्गाशेजारच्या सामानाच्या खोलीत कोंडल्या गेल्या, आणि दोष द्यायचाच तर तो नेतृत्व विकासाच्या शिबिराला द्यावा लागेल. तिथे एका तज्ज्ञाने सांगितलं होतं, "खरा नेता उठून गेला तरी काम अडत नाही." बाकीचे शिक्षक ते ऐकून चहाला गेले. बाईंच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. आपण नसताना आपला वर्ग करतो तरी काय?

पर्यवेक्षकाच्या जागेची मुलाखत आजच होती, तास संपल्यावर. ही जागा दोनदा हातची गेलेली. घरी नवऱ्यानेही आता विषय काढणं सोडलं होतं. नेता म्हणून तुमचा काय विकास झाला, हे समिती विचारणारच. तेव्हा हाताशी पुरावा हवा, म्हणून बाई "आलेच हं" म्हणून वर्गाबाहेर पडल्या, व्हरांड्यातून सामानाच्या खोलीत शिरल्या आणि दार ओढून घेतलं. त्या दाराची आतली मूठ केव्हाच निखळली आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण उत्साहाच्या भरात कुणाला काय आठवतं?

भिंतीतल्या जाळीतून वर्ग दिसत होता. हाक मारावी, तर बाई चोरून बघतात हे शाळाभर होणार. त्यापेक्षा घंटेची वाट बघू, असं म्हणून त्या एका खोक्यावर टेकल्या.

थोडा वेळ मासळी बाजार भरला. मग वर्गप्रमुख मुलगी टेबलाशी गेली. सगळे तिला चिमणी म्हणत. तिने एक उंच आणि एक बुटकी मेणबत्ती शेजारी शेजारी ठेवली आणि काचेची बरणी हातात घेतली. वर्ग शांत. बाईंना भरून आलं.

तेवढ्यात मुख्याध्यापक समितीच्या अध्यक्षबाईंना घेऊन आत आले. बाईंचा वर्ग चालू असताना दाखवावा, असा त्यांचा बेत.

"बाई कुठायत?" त्यांनी विचारलं.

"येतीलच सर. आमचं चाललंय."

"बाईंशिवाय?" अध्यक्षबाई कौतुकाने मागच्या बाकावर बसल्या. "वा. नेतृत्व म्हणतात ते हेच."

जाळीमागे बाईंनी हात जोडले. जागा मिळाल्यातच जमा होती, फक्त गप्प बसायचं होतं.

"दोन्ही पेटवून वर बरणी पालथी घातली," चिमणी सांगू लागली, "तर उंच मेणबत्ती आधी विझेल."

"चूक," भिंत म्हणाली. "कार्बन डायऑक्साइड जड असतो. खाली बसतो. बुटकीच आधी विझणार."

मुख्याध्यापक जाळीकडे बघत व्हरांड्यात धावले. त्यांनी दार उघडलं, तेव्हा बाई केसांत जळमटं घेऊन वर्गात परतल्या.

"तुम्ही आत काय करत होतात?"

"बघत होते, सर," बाई म्हणाल्या. खोटं सुचलंच नाही.

"बाई, करून बघू?" चिमणीने हळूच विचारलं.

"बघ की."

बरणी पालथी पडली. ज्योती बारीक झाल्या, आणि उंच मेणबत्ती आधी विझली. वर्गाने बाईंकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या हे छातीठोकपणे उलटं शिकवत आल्या होत्या, आणि करून कधीच पाहिलं नव्हतं. बाईंना लाज वाटली. पण लाजेपेक्षा नवल जास्त वाटलं.

"परत लाव," त्या म्हणाल्या आणि टेबलाशी गुडघे टेकून बसल्या. परत उंचच आधी विझली.

"अगं, पण का?"

चिमणी गांगरली. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाईंनाच माहीत नाही, असं कधी झालं नव्हतं. "मला वाटतं..." ती चाचरत म्हणाली.

"बाई," अध्यक्षबाई मागून उठत म्हणाल्या, "मला मुलाखतीची गरज वाटत नाही. ही जागा आम्ही तुम्हालाच..."

"गप्प बसा हो जरा," बाई मागे न बघता म्हणाल्या. "ती सांगतेय ना."

अध्यक्षबाई निमूट खाली बसल्या. मुख्याध्यापकही बसले.