अण्णांची खोली

आमचे रघोत्तमअण्णा लग्नाच्या पंगतीत सांबार वाढणाऱ्याला थांबवून विचारतात, “डाव किती खोल घातलास?” वरचं त्यांना नको, तळाचंही नको. “मधलं वाढ. माल तिथं असतो.” नवा वाढपी गोंधळतो. कुंभकोणमचे जुने वाढपी आता गोंधळत नाहीत.

पुण्याच्या व्याह्यांनी एकदा विचारलं, “घरात खोल्या किती?”

“एकच,” अण्णा म्हणाले. “विहिरीची.”

आम्ही दोघं खोल समुद्रातल्या मासळीची पाहणी करणाऱ्या जहाजावर नोकरीला होतो. ते वरिष्ठ, मी नोंदी ठेवणारा. अण्णा पक्के माध्व, मासा कधी चाखला नाही. दहीभात आणि लिंबाच्या लोणच्यावर महिनेच्या महिने काढायचे. मासा मोजपट्टीवर ठेवताना पुटपुटायचे, “कोपू नको, बापा.” तेही आमच्या तंजावरी मराठीत.

ध्यास एकच. समुद्राचा उतार उतरत जावं तशी विकाऊ मासळी वाढते, एका पट्ट्यात दाट होते, त्याखाली विरळ होत जाते. तो पट्टा कुठे असेल, हे त्यांनी आलेख काढून आधीच सांगून ठेवलं होतं. कचेरीत त्यावर पैजा लागल्या होत्या.

आमच्या वहीत एक नियम होता. जाळं तळाला टेकून रिकामं आलं तर शून्य. टेकलंच नाही तर रेघ. शून्य म्हणजे तिथे मासा नाही, रेघ म्हणजे आम्ही पाहिलंच नाही. त्या पट्ट्यावर दोर किती सोडायचा ते मी पाहत होतो. माझा डोळा लागला, दोर कमी पडला. जाळं वर आलं ते स्वच्छ, चिखलाचा ठिपका नाही, म्हणजे तळाला टेकलंच नव्हतं. बोलणी खावी लागतील म्हणून मी शून्य लिहिलं.

अण्णांचा आलेख कपाटात गेला. “समुद्र नाही म्हणतो, तर नाही,” एवढंच ते म्हणाले. त्याच वर्षी माझ्या बढतीची शिफारस त्यांनीच केली. त्या बढतीवर माझी मुलं शिकली.

गेल्या महिन्यात त्यांच्या ओट्यासमोर उभा राहून मी सगळं सांगितलं.

अण्णा म्हणाले, “चिखल नव्हता?”

“नव्हता, अण्णा.”

“नक्की?”

“नक्की. म्हणजे तुमचंच खरं होतं. मासे होते.”

“होते कसं म्हणतोस? आम्ही पाहिलंच नाही.” पण चेहरा उजळला होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “वेडा रे तू, सेतू. इतकी वर्षं एकटाच घेऊन बसलास? त्याच संध्याकाळी सांगतास, तर दोघं मिळून परत जाळं सोडलं असतं.”

आणि ते सरकले, मला बसायला जागा केली.