तीनदा हात लावून

सोमवारी सकाळी चर्चच्या मंडळीतले दोघे जण पत्र्याची एक ट्रंक घड्याळजींच्या बैठकीच्या खोलीत ठेवून गेले, तेव्हा घड्याळजींची छाती चांगली चार बोटं फुगली होती. चर्चमध्ये "जादूटोणा हद्दपार सप्ताह" चालू होता, आणि ती कल्पना त्यांचीच. ज्याच्या घरी ताईत, मंतरलेला दोरा, भाग्याची अंगठी, भविष्याची कात्रणं असं जे काही असेल ते त्याने आणून द्यायचं, आणि रविवारी उपासनेनंतर आवारात सगळं जाळायचं. तोवर हा माल ठेवायचा कुठे, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे छताकडे बघू लागले. घड्याळजी मात्र गरजले, "माझ्याकडे ठेवा! प्रभूवर भरवसा असणाऱ्याला चार ताइतांची कसली भीती?"

टाळ्या पडल्या. त्यांच्या बायकोने तेवढी टाळी वाजवली नाही. तिचा एक डोळा लहानपणीच गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्या उरलेल्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती निवांत होती. घड्याळजी मात्र आठवडाभर चहात साखर घालायची विसरत होते आणि विसरलो हेही त्यांना कळत नव्हतं.

मंगळवारी दूध उतू गेलं. दूध काय, उतू जातंच. पण बुधवारी दुकानात चार गिऱ्हाइकं एकामागून एक आली, आणि चौघांच्याही हातात कालच दुरुस्त करून नेलेलं, पण बंद पडलेलं घड्याळ होतं. खणाच्या तळाशी दोन वर्षं पडून राहिलेले सेल घातल्यावर दुसरं काय होणार? घड्याळजींना हे पक्कं ठाऊक होतं. पण घरातली ट्रंकही ठाऊक होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी येताच त्यांनी फडताळातलं जाडजूड पवित्र शास्त्र काढलं आणि ट्रंकेवर ठेवलं.

"अहो, ते वाचायला असतं. झाकण दाबायला नाही," बायको म्हणाली.

"असू दे गं. वजन चांगलं आहे."

गुरुवारी निघताना त्यांनी पवित्र शास्त्राला एकदा हात लावला. छत्री घ्यायला परत आले, पुन्हा लावला. चष्म्यासाठी आले, पुन्हा लावला. त्या दिवशी एकही घड्याळ परत आलं नाही. झालं! तीन हा आकडा ठरला. जगातल्या सगळ्या अंधश्रद्धा बहुधा अशाच विसराळू माणसांनी काढल्या असाव्यात.

शुक्रवारी टॅक्सी दवाखान्याच्या फाटकापाशी आली आणि घड्याळजी ताडकन उठायला गेले. डोकं टपावर आपटलं.

"अगं, मी निघताना हात दोनदा लावला की तीनदा?"

"कशाला हात?"

"दोनदाच! टॅक्सी मागे घ्या!"

"साहेब, दवाखाना आला की," टॅक्सीवाला म्हणाला.

"घरी चला म्हणतो ना! माणसाच्या डोळ्याचा प्रश्न आहे!"

टॅक्सी घरी गेली. घड्याळजींनी तीनदा हात लावला, आणि मघाचे दोन धरून पाच होतील या धास्तीने आणखी चारदा लावून नऊ पुरे केले. परत येईतो साडेदहा वाजले होते.

"डॉक्टरांनी पुढचा पेशंट घेतला," नर्सने थंडपणे सांगितलं. "आता सोमवारी या. आणि वेळेवर या. मोतीबिंदू पार पिकलाय, अजून लांबवलंत तर आमचा नाइलाज होईल."

चार ताइतांना जे जमलं नव्हतं ते त्यांनी एका सकाळीत करून दाखवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! बायको लंगडत बाकापर्यंत गेली, बसली आणि तिने डावी चप्पल काढली.

"अहो, मोतीबिंदू मला झालाय. आंधळे तुम्ही का झालात? आणि ही चपलेत घडी कसली? सकाळपासून रुततेय."

घड्याळजींनी मान खाली घातली. तिने ती घडी पदराच्या टोकाला बांधली.

रविवारी आवारात लाकडं रचली होती. पाळकसाहेबांनी ट्रंक उघडली आणि एकेक वस्तू उचलून दाखवायला सुरुवात केली. ताईत निघाले, अंगठ्या निघाल्या, लोक हसले. घड्याळजी पहिल्या रांगेत, चेहरा शक्य तितका निर्भय ठेवून उभे होते. सगळ्यात शेवटी सात घड्या घातलेला, घड्याळाच्या जुन्या पट्ट्याने आवळलेला कागद निघाला. पाळकसाहेबांनी तो उलगडून वाचला.

"हे तर शास्त्रातलं वचन आहे. देव सोबत आहे, घाबरू नका, असं. हे कुणी टाकलं?"

"मी," घड्याळजींची बायको म्हणाली. "वचनाबद्दल तक्रार नाही, पाळकसाहेब. पण माझ्या चपलेत घातलं होतं ताइतासारखं, म्हणून ताइतांत टाकलं."

सगळ्यांच्या नजरा त्या पट्ट्याकडे गेल्या आणि तिथून सरळ गावातल्या एकुलत्या एक घड्याळजींकडे. चोराच्या मनात चांदणं, म्हणून घड्याळजी कुणी विचारायच्या आतच बोलले, "मला भीती वाटली हो. तिला एकच डोळा आहे." आणि भर आवारात त्यांना रडू फुटलं. कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी पट्टा आगीत टाकला, कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता नुसता वाचा." घड्याळजींनी वाचला. लिहून दुमडताना त्यांनी सात घड्या मोजल्या होत्या, शब्द आज पहिल्यांदा वाचले.

सोमवारी आठ वाजता दोघं निघाली. ट्रंक गेली होती, तरी घड्याळजींचा हात सवयीने त्या कोपऱ्याकडे वळला.

"हात मोकळा असेल तर इकडे द्या," बायको म्हणाली. "मला पायरी दिसत नाहीये."

त्यांनी तिचा हात धरला. एवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक थांबली. खोली एकदम शांत झाली. बायकोही थांबली.

"बंद पडलं वाटतं?"

घड्याळजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"सेल गेलाय," ते म्हणाले. "आल्यावर घालू. तेव्हा वेळ तूच बघून सांग."