सरासरी वाढवणारी मुलगी

फुटबॉल कळत नसला तरी फुटबॉलचा संघ वाचवता येतो! भागाकार आला की झालं.

आमचं विद्यापीठ नेब्रास्कात, चहूकडे मका. तिथल्या मुलींच्या संघाच्या अभ्यासावर लक्ष ठेवायचं माझं काम. येसेनिया सहायक प्रशिक्षक. म्हणजे गोलकीपर घडवायच्या, बस चालवायची आणि जर्सीही धुवायच्या.

सप्टेंबरात डीनबाईंनी मला बोलावलं. "हार्लन, डिसेंबरच्या निकालात संघाची सरासरी चारपैकी ३.२ झाली नाही, तर येसेनियाचं पद बंद. पैसेच नाहीत."

मुली वीस, सरासरी ३.१६!

मी तडक ग्रंथालयात. तिथे फिलिपा सापडली. चारपैकी चार गुण, आणि चष्मा बाटलीच्या बुडासारखा.

"पोरी, फुटबॉलच्या संघात येतेस? खेळायचं नाही, नुसतं बाकावर बसायचं."

"बाकावर वाचण्यापुरता उजेड असतो?"

"भरपूर!"

"मग येते."

एकविसावी फिलिपा. बरोब्बर ३.२०! येसेनिया म्हणाली, "सर, तुमच्या तोंडात डोनट पडो!"

ऑक्टोबरात फ्लूने निम्मा संघ आडवा झाला. दोन्ही गोलकीपर त्यातच. उभ्या राहू शकणाऱ्या अकराच उरल्या, त्यातली एक फिलिपा. गोलात उभं राहायला दुसरी कुणी तयार होईना, मग फिलिपालाच उभं केलं. सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला पेनल्टी! फिलिपाने घाबरून डोळे मिटले. चेंडू तिच्या पोटात बसला आणि तिने त्याला हरवलेलं मांजर सापडावं तसं घट्ट कवटाळलं.

मी धावत गेलो. "लागलं का गं?"

"सर," ती धापा टाकत म्हणाली, "पुढचा सामना कधी?"

मी तिथेच मनात पुन्हा भागाकार मांडला.

नंतर ती चेंडू घेऊन ग्रंथालयात जायला लागली. प्रयोगशाळा बुडवून उड्यांचा सराव!

"तिला बाकावर बसव!" मी येसेनियाला म्हणालो.

"सर, तिच्यात गोलकीपर आहे!"

"तिच्यात तुझा पगार आहे!"

"माहीत आहे. पण उडी नेमकी कुठून घ्यायची, हे तिच्याआधी मला कुणी विचारलं नव्हतं हो."

आता बोला! मी येसेनियासाठी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती कापून ठेवल्या.

डिसेंबरात डीनबाईंसमोर आम्ही दोघं, चेहरे शिळ्या पावासारखे.

"३.२८," बाई म्हणाल्या. "अभिनंदन! येसेनिया, तू राहतेस."

येसेनियाने मला इतकी कडकडून मिठी मारली की माझा चष्मा वाकला. मागाहून कळलं, लांबच्या सामन्यांना जाता-येता फिलिपा बसच्या मागच्या बाकांवर सगळ्या पोरींना रसायनशास्त्र शिकवत होती. वीसच्या वीसजणी वर चढल्या!

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "एकच मुलगी सगळ्यांना खाली ओढतेय. फिलिपा, २.९. हार्लन, हिला संघात आणलं कोणी?"

मी छताकडे पाहिलं. छत चांगलं रंगवलंय हो त्यांनी.