घाटपांड्यांची पोकरची चौकशी

सोसायटीतल्या मुलांचा चेंडू लागून घाटपांड्यांच्या खिडकीची काच फुटली, तेव्हा ते खाली उतरले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झेल घेतला का कुणी?"

एका मुलानं चेंडू धरलेला हात भीतभीत वर केला.

"काचेचं नंतर पाहू. भिंतीला लागून आलेला चेंडू एका हातानं झेलला, तर तुमच्यात बाद देतात की नाही?"

देतात, असं कळल्यावर त्यांनी फलंदाजाला बाद ठरवलं, झेल घेणाऱ्याची पाठ थोपटली आणि मगच काचेचा विषय काढला. "नियम आधी, निषेध नंतर," हे त्यांचं ब्रीद. ज्या गोष्टीचे नियम आपल्याला ठाऊक नाहीत, तिच्याविरुद्ध तक्रार करायचा आपल्याला अधिकार नाही, असं ते मानतात. पुण्यात हे मत बाळगणारे ते बहुधा एकटेच असावेत.

घाटपांडे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्तीनंतर आमच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले. पत्नी गेल्यापासून एकटेच राहतात. मी खजिनदार. या पदाला लागणारी एकमेव पात्रता, म्हणजे निवडीच्या सभेला हजर असणं, माझ्याकडे होती. त्यामुळे त्यांच्या बऱ्याच चौकश्या मी जवळून पाहिल्या आहेत. बागेत भल्या सकाळी हास्यक्लबवाले मोठ्यानं हसतात, अशी तक्रार आली. घाटपांडे त्या क्लबात सामील झाले, महिनाभर नेमानं हसले आणि मग समितीला म्हणाले, "हसण्याचे एकूण सात प्रकार आहेत. त्यांतला एकच आक्षेपार्ह आहे. तो बंद करायला सांगितलाय."

तो काळ हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसेस नुकत्याच आमच्या चौकात थांबू लागल्याचा. घाटपांड्यांच्या शेजारचा फ्लॅट परदेशी गेलेल्या मालकानं तीन मुलांना भाड्यानं दिला. पंकज यवतमाळचा, सुमेध नागपूरचा, आणि तिसरा जागा असताना मला कधी दिसलाच नाही. मुलं सॉफ्टवेअरमधली, बिनलग्नाची. यातला पहिला गुण आमच्या सभासदांना मान्य होता, दुसरा नव्हता.

एका मासिक सभेत आपटे वहिनींनी विषयाला तोंड फोडलं. "शनिवारी संध्याकाळी दार उघडं होतं, म्हणून दिसलं हो. मी काही डोकावले नाही. पत्ते! आणि मध्ये ढीग!"

"कसला ढीग?" घाटपांड्यांनी विचारलं.

"ते दिसलं नाही. पण ढीग होता."

फ्लॅट रिकामा करून घ्यावा असं पत्र मालकाला धाडायचं, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. आमच्या सोसायटीत एवढं झटपट एकमत पाण्याच्या टाकीबद्दलसुद्धा झालेलं नाही. घाटपांड्यांनी फक्त सही करायची होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"खेळ कोणता?"

"जुगार!" आपटे वहिनी म्हणाल्या.

"जुगार हा आरोप झाला. खेळाचं नाव काय?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही, त्याबद्दल मी पत्र लिहायचं. पुढच्या सभेपर्यंत चौकशी करतो."

त्या शनिवारी ते मला पंच म्हणून घेऊन गेले. दार पंकजनं उघडलं आणि आम्हाला पाहून त्याचा चेहरा उतरला. घर गेलं, असं त्याच्या मनात आलं असावं. खोटं नव्हतं. बिनलग्नाच्या मुलांना पुण्यात घर मिळवताना काय सोसावं लागतं, ते त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. त्या तिघांचं हे चौथं घर होतं.

"काका, पोकर आहे. पैसे लावून नाही खेळून राहिलो," तो म्हणाला. "आमच्या टीममध्ये अमेरिकेचा साहेब येऊन राहिला. तो खेळतो म्हणे. म्हणून शिकून राहिलो."

ढीग राजम्याचा होता. घाटपांड्यांनी मूठभर राजमा तळहातावर तोलला, मान डोलावली आणि मांडी घातली. "शिकवा."

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पानं पालथी वाटायची. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडायची. या सातांतून आपला पाचांचा सगळ्यात भारी डाव जुळवायचा. दर टप्प्याला राजमा लावायचा. पानं वाईट असतील तर टाकून द्यायची. त्याला फोल्ड म्हणतात. सुमेध खालून वर डाव सांगू लागला. काहीच नाही, मग जोडी, मग दोन जोड्या, मग एकाच आकड्याची तीन पानं, मग ओळीनं पाच म्हणजे स्ट्रेट—

"थांबा," घाटपांडे म्हणाले. "तीन एक्के, आणि ते दुर्री-तिर्रीच्या रांगेखाली?"

"हो काका."

"तीन पत्तीत तीन एक्क्यांच्या वर काही नाही. दौऱ्यावर असताना रेस्ट हाउसमध्ये सहकारी खेळायचे. मी खेळलो नाही, पण नियम समजून घेऊन मग त्यांना विरोध केला होता."

पुढे तर अनर्थच झाला. एकाच रंगाची पाच पानं, म्हणजे फ्लश, ही स्ट्रेटच्याही वर निघाली. तीन पत्तीत उलटं असतं. घाटपांडे उठून उभे राहिले. "हे माप खोटं आहे," ते म्हणाले. या वाक्यावर त्यांनी आयुष्यात अनेक तराजू जप्त केले होते.

आकडे हा माझा विषय, म्हणून मी घरी जाऊन हिशोब मांडला. तीन पानांत ओळ जुळणं अवघड. एक रंग जुळणं तिच्या दीडपट सोपं. पाच पानं घेतली की पारडं फिरतं. तिथे रंगच अवघड, आणि ओळ त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळा जुळते. जे दुर्मीळ ते वर, एवढाच न्याय. घाटपांड्यांनी माझा हिशोब दोनदा तपासला आणि म्हणाले, "माप बरोबर आहे. आमचंच वजन जुनं." पुढच्या शनिवारी त्यांनी मुलांची रीतसर माफी मागितली, आणि बसल्याबसल्या जोडीपासून स्ट्रेट फ्लशपर्यंत सगळे डाव म्हणून दाखवले, चढते आणि उतरते.

अडचण आली ती ब्लफची. हातात काही नसताना भरपूर राजमा लावून दुसऱ्याला घाबरवायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. "याला आमच्या खात्यात दोन कलमं लागायची," ते म्हणाले. पण खेळाचा नियम आहे म्हटल्यावर पाळायला हवा. म्हणून ते गंभीर चेहऱ्यानं राजमा पुढे सरकवत आणि जाहीर करत, "माझ्याकडे काही नाही. तरी लावतोय."

मुलं हैराण झाली. "काका असे बोलून राहिले म्हणजे नक्की एक्के असतील," असं म्हणत ती पटापट पानं टाकत. घाटपांडे एवढा राजमा जिंकले, की एका रविवारी त्यांनी तो भिजत घालून तिघांना जेवायलाच बोलावलं. झोपाळू तिसरा त्या दिवशी जागा होता म्हणे.

महिना संपला. सभा भरली. आपटे वहिनी पहिल्या खुर्चीत.

"झाली का हो चौकशी?"

"पैसे लावत नाहीत. राजमा लावतात," घाटपांडे म्हणाले.

"आज राजमा, उद्या पैसे. आणि तुम्ही महिनाभर तिथेच असता म्हणे. आता नियम आले ना? मग निषेध करा की! तुमचंच वाक्य आहे."

सभा हसली. त्यांना त्यांच्याच तराजूत बसवलं होतं. अध्यक्षांनी पत्र पुढे सरकवलं. घाटपांडे एकदा पत्राकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते. मी छताकडे पाहिलं.

"नियम अजून आलेले नाहीत," ते म्हणाले.

"महिन्याभरात?" आपटे वहिनी म्हणाल्या. "सांगा बघू, काय कशाच्या वर?"

घाटपांडे सावकाश सांगू लागले. जोडी. त्यावर दोन जोड्या. त्यावर... ते अडखळले. फ्लश. त्यावर स्ट्रेट. नाही, त्याआधी फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी. त्यावर तीन एक्के बहुतेक. त्यांचा चेहरा इतका ओशाळा झाला होता, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

"खजिनदार," आपटे वहिनी माझ्याकडे वळल्या, "तुम्ही हिशोबी. हे बरोबर सांगतायत का?"

"तपासून पाहावं लागेल," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत संदिग्ध विधान असावं.

"कच्चं आहे अजून," घाटपांडे म्हणाले. "वय झालं. लक्षात राहत नाही. अर्धवट चौकशीवर मी सही करणार नाही. मुदत वाढवा."

किती, असं अध्यक्षांनी विचारलं. अवघड खेळ आहे, वर्ष तरी लागेल, असं ते म्हणाले. पुढचा विषय पार्किंगचा होता आणि सगळ्यांना त्यावर भांडायचं होतं. मुदत मिळाली.

जिना चढताना मी म्हणालो, "तुम्हाला सगळं पाठ आहे."

"आहे."

"मग?"

ते कठड्याला धरून एक मजला चढले. मग म्हणाले, "गेल्या शनिवारी मी बँकेत अडकलो, उशीर झाला. मला वाटलं, चालू केलं असेल यांनी. जाऊन बघतो तर माझ्या जागेपुढे दोन पानं. पालथी. पंकज म्हणाला, 'काका, तुमचे वाटून ठेवले.' कुणी हातसुद्धा लावला नव्हता."

मी थांबलो. तेही थांबले.

"ही गेल्यापासून मला उशीर झाला, तर कुणी काही झाकून ठेवलं नव्हतं हो."

काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी विचारलं, "काय निघालं?"

"सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. याहून वाईट पानं या खेळात नाहीत. ताबडतोब फोल्ड करायची असतात."

"मग केलीत?"

घाटपांड्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मला काही कळत नाही, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"आपल्यासाठी झाकून ठेवलेलं टाकतात का?"