ओव्हेलाबाईंच्या डोळ्यासाठी स्पॅघेटी

कोणताही माणूस केवळ गरीब आहे म्हणून उपचारांवाचून राहता कामा नये, हे आमच्या जिल्ह्याचं ठाम धोरण आहे. धर्मादाय दवाखान्याच्या दारावर ते पितळी अक्षरांत लिहिलेलंच आहे. (दार मंगळवारी दहा ते दोन उघडं असतं.)

टेनेसीच्या या डोंगराळ भागात बिनविम्याच्या माणसाची सोय दुहेरी आहे. एक, हा दवाखाना. दुसरी, स्पॅघेटी. कुणी आजारी पडलं की चर्चच्या तळघरात जेवण होतं, लोक ताटामागे दहा डॉलर देतात. गेल्या वर्षी आम्ही एक गुडघा, दोन पित्ताशयं आणि एक हर्निया असे जेवून बरे केले. (हर्नियाला सॉस खारट झाला होता.)

यंदा ओव्हेला ट्रेंट या बाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. बाई शाळेची बस चालवतात. नोकरीतून विमा मिळायला आठवड्याला तीस तास काम लागतं, त्यांचे अठ्ठावीस भरतात. (ते तीस होऊ नयेत याची शाळा जातीनं काळजी घेते.) शाळेनं बजावलं, ऑगस्टच्या आत डोळा नीट करा, नाहीतर बस दुसऱ्याला. दवाखान्यानं फुकट शस्त्रक्रियेची तारीख दिली. तोवर बाईंचं घर चालावं म्हणून आम्ही प्रेमानं जेवण घातलं. दोनशे चौदा ताटं उठली.

मंगळवारी बाई दवाखान्याच्या खिडकीशी गेल्या. आत अर्ज तपासणारी लोरीन होती.

"मिस ओव्हेला, गेल्या आठवड्यात तुम्ही अगदी बरोबर गरीब होतात. आता बँकेतली शिल्लक फुकटच्या मर्यादेच्या, दोन हजारांच्या वर गेलीय. एकशे चाळीस डॉलरनं श्रीमंत झालात."

"मग पैसे घेऊन कर."

"त्याला चार हजार सहाशे पडतात."

"म्हणजे फुकटला मी श्रीमंत आणि विकतला गरीब?"

"मधल्या लोकांसाठी माहितीपत्रक आहे ना."

"अगं, ते वाचता आलं असतं तर इथं कशाला तडमडले असते? दहा वर्षं तुला शाळेत सोडलं, त्याचे हे पांग फेडतेस होय?"

"चिडू नका हो. एकशे चाळीस उडवा आणि पावती आणा. फक्त औषधपाण्यावर नको. त्यावर खर्च केलात, तर तुमची ऐपत दिसते."

बाईंनी नियमाला धरून मासे धरायचा उत्तम गळ घेतला. पावती मंजूर झाली. मात्र जुनी तारीख टळली होती. नवी मिळाली जुलैच्या शेवटच्या मंगळवारची. त्यानंतर डॉक्टर सुट्टीवर जातात, आणि शाळा उघडते.

तारीख टळल्याचं ऐकून गाव इतकं हळहळलं, की त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी दुसरं जेवण जाहीर झालं. ऐंशी पौंड स्पॅघेटी येऊन पडली आहे, त्यामुळे आता माघार नाही. बाईंच्या खात्यात मात्र यापुढे एक डॉलरही पडून चालणार नाही.

तेव्हा वाचकहो, शनिवारी जरूर या. पोटभर जेवा. बाईंबद्दल वाईट वाटलं तर वाटू द्या, पण त्यापुढे काही करू नका. इथवर वाचलंत त्यावरून ते तुम्हाला जड जाईल असं वाटत नाही.

फक्त जाताना आपापलं ताट तेवढं विसळून ठेवा.