खडीची गाडी वेळेवर आली

यशपाल खोब्रागडेने पोह्यांचा पहिला घास तोंडात टाकला आणि फोन वाजला.

"हेर खोब्रागडे, तुमची खडी आली," स्टेशनवरचा माणूस म्हणाला.

"आज? आज मंगळवार आहे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. मंगळवारीच आली. अख्खी मालगाडी."

त्याने पोह्यांची बशी बाजूला सारली. जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळ आउटोबान, म्हणजे महामार्ग, रुंद करणाऱ्या एका कंपनीत यशपाल खडीच्या मालगाड्या ठरवायचा. त्याची प्रोबेत्साइट, म्हणजे आपला उमेदवारीचा काळ, या शुक्रवारी संपत होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे बॉस फ्राऊ ब्रिंकमान त्या दिवशी सांगणार होत्या. घर, व्हिसा, सगळं त्यावर अडलं होतं. बिचाऱ्याला आठवडाभर धड झोप नव्हती.

साइटवर खडी हवी होती गुरुवारी. पण यशपाल पडला आपला माणूस! लग्न बाराचं असलं की मामांना अकराची वेळ सांगायची, हे त्याला बाळकडूच मिळालेलं. त्याने खाणीला बुधवार सांगून टाकला, गाडी उभी करायचा फाटाही बुधवारपासून घेतला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाला.

त्याने तातडीने खाणीच्या ऑफिसात ऊर्मिला पाटणकरला फोन लावला. ती सांगलीची.

"ऊर्मिलाताई, मी बुधवार म्हटलं होतं ना?"

"हो रे, म्हणून तर मी रेल्वेला मंगळवार सांगितला. म्हटलं, या गाड्या कधी वेळेवर येतात? तुझी पंचाईत नको! का रे, पोचली का?"

"पोचली, ताई. वेळेवर पोचली."

"अगंबाई! कमालच झाली की!"

यशपाल धापा टाकत स्टेशनवर पोचला. फाट्यावर दुसऱ्याच कुणाचे सिमेंटचे डबे ठाण मांडून बसले होते. त्यामुळे खडीची गाडी निम्मी आत, निम्मी बाहेर, आणि शेपूट नेमकं गावच्या फाटकात आडवं.

"जरा मागे घ्या ना," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"ड्यूटी संपली. दुपारी दुसरा येईल." ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, जेवणाच्या डब्याची पिशवी उचलली आणि तो शांतपणे घरी निघाला. फायराबेंड म्हणजे फायराबेंड, काम सुटलं की सुटलं! तिथे ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोटारींची रांग लागली. सायकलवाले एक आजोबा यशपालकडे असे बघत होते, जणू त्याने गाडी खिशातून काढून तिथे ठेवली होती. तेवढ्यात फोन.

"हेर खोब्रागडे, मी फाटकाशी अडकलेय," फ्राऊ ब्रिंकमान म्हणाल्या. "समोर कुणा मूर्खाची खडी उभी आहे. कुणाची आहे, जरा बघता का?"

यशपालने दोन डब्यांच्या फटीतून पाहिलं. पलीकडे त्याच उभ्या होत्या. त्याला वाटलं, संपलं सगळं. आता लपवून तरी काय मिळणार?

"आपलीच आहे," तो फटीतूनच ओरडला, आणि त्याने बुधवार, मंगळवार, मामांचं लग्नाला येणं, सगळं ओकून टाकलं.



"आल्झो... तर असं आहे," फ्राऊ ब्रिंकमान खाकरल्या. "खडी खरं तर पुढच्या सोमवारी लागणार आहे. गुरुवार मीच सांगितला होता. माणसं उशीर करतात हो."

यशपालने आ वासला. "तुम्हीसुद्धा?" मग त्याला आठवलं. "आणि... माझा शुक्रवार?"

"तो निर्णय होय? तो गेल्याच महिन्यात झाला. तुम्ही कायम आहात. शुक्रवार सांगितला की तोवर माणूस नीट काम करतो."

त्यांनी समोरच्या खडीकडे एकवार नीट पाहिलं.

"करतो, असा माझा समज होता. अभिनंदन. आता ही हलवा."